हजेरीपटावर नसलेले नाव

न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न या गावातून १८९० च्या जुलै महिन्यात एका वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रीने विधवा निवृत्तिवेतनासाठी सरकारकडे अर्ज केला. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर, अक्षरओळख नाही आणि घरात आश्रयाला आलेल्या निराधारांची कायमची वर्दळ. तिचा पती अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढला होता आणि दोन वर्षांपूर्वी क्षयाने वारला होता. अर्जाच्या छाननीत तिला अनेक गोष्टी सिद्ध करायला सांगण्यात आले. पती खरोखरच शिपाई होता काय, पलटणीच्या कागदांवर त्याचे नाव वेगळे कसे, विवाह केव्हा झाला, पहिला पती हयात आहे काय, अशी ती यादी होती. त्याच युद्धात ही स्त्री स्वतः तीन वर्षांहून अधिक काळ शुश्रूषा, टेहळणी आणि हेरगिरी करीत होती. त्याबद्दल विचारणारा रकाना मात्र त्या अर्जात नव्हता. ही स्त्री म्हणजे हॅरिएट टबमन.

दक्षिणेतील गुलामांना रात्रीच्या अंधारातून उत्तरेकडे नेणारी धाडसी स्त्री म्हणून हॅरिएटचे नाव जगाला परिचित आहे. लष्कराच्या कागदांशी तिने दिलेला लढा त्या मानाने कमी ठाऊक आहे. हा लढा तीन दशकांहून अधिक काळ चालला. ती ज्यांच्यासोबत युद्धात उतरली, त्या स्वयंसेवक पलटणींच्या दफ्तरात तिचे नाव नव्हते आणि दफ्तरात नाव नाही, म्हणून तिच्या सेवेला मोल नाही, असा तो सारा प्रकार होता. पुढे याच पलटणींच्या कागदांनी तिच्या पराक्रमाची अत्यंत तपशीलवार साक्ष दिली. पण ती साक्ष उजेडात यायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

हॅरिएटच्या जन्माचीही अधिकृत नोंद नाही. मेरिलँड राज्यातील डॉर्चेस्टर परगण्यात बेन रॉस आणि रिट ग्रीन या गुलाम जोडप्याच्या पोटी ती जन्मली. तिचे मूळ नाव अरामिंटा. घरची माणसे तिला मिंटी म्हणत. गुलामांच्या मुलांच्या जन्मतारखा टिपून ठेवण्याची गरज मालकांना वाटत नसे. मात्र पैशांचा हिशेब ते चोख ठेवीत. रिटच्या बाळंतपणासाठी मार्च १८२२ मध्ये सुईणीला दिलेल्या पैशांची नोंद अशाच एका हिशेबात सापडली आणि तिच्या आधारे अभ्यासकांनी हॅरिएटचे जन्मवर्ष १८२२ असे ठरवले. एका माणसाच्या जन्माचा पुरावा दुसऱ्याच्या खर्चाच्या वहीत सापडावा, यातच त्या व्यवस्थेचे स्वरूप दिसते.

बालपणी तिला आजूबाजूच्या घरांत आणि शेतांवर कामासाठी भाड्याने दिले जाई. चाबकाचे वळ तिच्या अंगावर आयुष्यभर राहिले. किशोरवयात गावातील एका दुकानात मुकादमाने दुसऱ्या गुलामावर फेकलेले दोन पौंडांचे वजन तिच्या डोक्यात बसले. ती कशीबशी वाचली, पण त्यानंतर बोलता बोलता अचानक गुंगी येण्याचा विकार तिला कायमचा जडला. तिच्या तीन बहिणी दक्षिणेत विकल्या गेल्या आणि पुन्हा घरी आल्या नाहीत. १८४४ मध्ये तिने जॉन टबमन या स्वतंत्र कृष्णवर्णीयाशी विवाह केला आणि आईचे हॅरिएट हे नाव धारण केले. पती स्वतंत्र असला तरी ती गुलामच होती. होणारी मुलेही आईच्या मालकाचीच ठरली असती.

१८४९ मध्ये मालक मरण पावला आणि कर्ज फेडण्यासाठी गुलामांची विक्री होणार, अशी चिन्हे दिसू लागली. त्या सप्टेंबरमध्ये हॅरिएट आपल्या दोन भावांसह पळाली. मालकिणीने ३ ऑक्टोबर १८४९ या तारखेची जाहिरात वृत्तपत्रात दिली. मिंटी, वय सुमारे २७, अशी तिची ओळख त्यात आहे. राज्याबाहेर पकडल्यास प्रत्येकी १०० डॉलर आणि राज्यात पकडल्यास ५० डॉलर असे इनाम लावले होते. भाऊ घाबरून परतले, त्यांच्यासोबत तीही परतली. पण थोड्याच दिवसांत ती एकटीच निघाली. गुलामगिरीविरोधी क्वेकर पंथीयांच्या आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या मदतीने सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर कापून ती पेनसिल्व्हेनियात पोहोचली.

स्वतःची सुटका झाल्यावर ती थांबली नाही. पुढील सुमारे दहा वर्षांत ती जवळपास १३ वेळा मेरिलँडमध्ये परतली आणि सुमारे ७० जणांना घेऊन आली. त्यात तिचे भाऊ होते, वृद्ध आईवडील होते. १८५० च्या फरारी गुलाम कायद्यामुळे उत्तरेतील राज्येही सुरक्षित राहिली नव्हती, त्यामुळे तिला अनेकांना थेट कॅनडापर्यंत न्यावे लागे. तिच्या पहिल्या चरित्रात १९ फेऱ्या आणि ३०० माणसे असे आकडे आले आणि ते शतकभर उगाळले गेले. पुढे जुन्या कागदपत्रांच्या छाननीतून आजचे आकडे निश्चित झाले. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता पळून आलेल्या प्रत्येकाची माहिती गुपचूप टिपून ठेवी. ती वही त्याने जिवापाड जपली; पुढे १८७२ मध्ये ती माहिती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हॅरिएट लोकांना घेऊन पोहोचल्याच्या नोंदी त्यात आहेत. आकडा लहान झाला म्हणून कर्तृत्व लहान झाले नाही. उलट त्यातील प्रत्येक माणूस नावागावासह उभा राहिला.

१२ एप्रिल १८६१ रोजी साउथ कॅरोलिनातील फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध सुरू झाले. अमेरिकेचे कायम सैन्य त्या वेळी जेमतेम १६ हजारांचे होते. अध्यक्ष अब्राहम लिंकनने लगोलग ७५ हजार लोकांना हाक दिली आणि त्यानंतर अशा हाका येतच राहिल्या. हे युद्ध प्रामुख्याने लढले ते स्वयंसेवक पलटणींनी. एकेका राज्याने, एकेका परगण्याने या पलटणी उभ्या केल्या. साधारणतः दहा तुकड्या आणि सुमारे एक हजार माणसे मिळून एक पलटण होई. शेतकरी, सुतार, लोहार, शाळामास्तर असे लोक ठरावीक मुदतीसाठी भरती होत आणि युद्ध संपले की घरी जात.

एवढ्या माणसांना पगार द्यायचा, शिधा द्यायचा, जखमी आणि मृतांचा हिशेब ठेवायचा, तर कागद हवेत. प्रत्येक पलटणीचे दर दोन महिन्यांनी हजेरीपट तयार होत. भरतीच्या वहीत शिपायाचे वय, उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, जन्मस्थान, पूर्वीचा व्यवसाय हे सारे लिहिले जाई. रुग्णालयांच्या नोंदी वेगळ्या, गणवेशाच्या वसुलीचे तक्ते वेगळे. शिपायाला पगार मिळण्याचा, जखमी झाल्यास निवृत्तिवेतन मिळण्याचा आणि तो मेल्यास विधवेला आधार मिळण्याचा मार्ग या कागदांवरून जाई. ज्याचे नाव हजेरीपटावर, तोच युद्धात होता, असा सरकारी न्याय होता.

नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील पोर्ट रॉयल परिसर जिंकला. गोरे मळेवाले पळून गेले आणि त्यांचे हजारो गुलाम मागे राहिले. या लोकांना मदत करण्यासाठी मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन अँड्र्यू याच्या पुढाकाराने १८६२ च्या वसंतात हॅरिएट ब्यूफर्ट येथे दाखल झाली. छावणीच्या रुग्णालयात तिने जखमी आणि आजारी लोकांची सेवा केली. अतिसाराने माणसे पटापट मरत होती. झाडपाल्याच्या औषधांची तिची माहिती तेथे उपयोगी पडली. तिला सुरुवातीला सैनिकी शिधा मिळत असे. परंतु मुक्त झालेल्या इतरांना ते पक्षपाताचे वाटू लागले, तेव्हा तिने तो शिधा सोडला. दिवसभर रुग्णालयात राबून ती रात्री घरी पाव, केक आणि पेये तयार करी आणि ती विकून स्वतःचा खर्च भागवी. सरकारकडून मिळालेल्या २०० डॉलरमधून तिने धुलाईघर उभारले, जेणेकरून मुक्त झालेल्या स्त्रियांना सैनिकांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवता यावेत.

१८६२ च्या अखेरीस आणि १८६३ च्या आरंभी याच किनाऱ्यावर पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या पलटणी उभ्या राहिल्या. पहिल्या साउथ कॅरोलिना स्वयंसेवक पलटणीचा कर्नल थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन आणि दुसरीचा जेम्स माँटगोमेरी. दोघेही गुलामगिरीविरोधी चळवळीतले. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला आणि कृष्णवर्णीयांच्या भरतीला वेग आला. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत असताना कृष्णवर्णीय शिपायाला १० डॉलर आणि त्यातूनही कपड्यांचे ३ डॉलर कापून घेतले जात. हा भेद दूर करणारा कायदा जून १८६४ मध्ये झाला. तरीही हे शिपाई हजेरीपटावर होते. हॅरिएट स्त्री असल्यामुळे तिची भरती होण्याचा प्रश्नच नव्हता. आठ-नऊ स्थानिक माणसांचे टेहळणी पथक तिच्या हाताखाली होते. सैन्याच्या ठाण्यांतून कोठेही जाण्यायेण्याचा जनरल हंटरने दिलेला परवाना हाच काय तो तिच्या कामाचा कागदोपत्री आधार होता.

कंबाही नदीवरील मोहीम हा तिच्या युद्धसेवेचा कळसाध्याय ठरला. या नदीच्या दोन्ही तीरांवर भाताचे मोठमोठे मळे होते आणि तेथे पिकणारा तांदूळ दक्षिणेच्या सैन्याला पोसत होता. नदीत शत्रूने सुरुंग पेरले होते. हॅरिएट आणि तिच्या साथीदारांनी मळ्यांवरील गुलामांकडून सुरुंगांच्या जागा, पहाऱ्याची ठाणी आणि कोठारे यांची माहिती काढली. १ जून १८६३ च्या रात्री तीन जहाजे ब्यूफर्टहून निघाली. एक वाटेतच वाळूत रुतले. ‘जॉन ॲडम्स’ आणि ‘हॅरिएट ए. वीड’ ही दोन पुढे गेली. दुसऱ्या साउथ कॅरोलिना पलटणीचे सुमारे ३०० शिपाई त्यांवर होते. मोहिमेची सूत्रे कर्नल माँटगोमेरीकडे होती, तर कोठे थांबायचे आणि कोठे उतरायचे हे ज्यांच्या माहितीवर ठरत होते, त्यांची म्होरकी हॅरिएट कर्नलच्या जहाजावर होती.

२ जूनच्या पहाटे शिपाई तीरावर उतरले. तांदळाच्या गिरण्या, कोठारे आणि मालकांचे वाडे पेटले, बांधांचे दरवाजे उघडून भाताची शेते बुडवण्यात आली. जहाजांचे भोंगे ऐकून गुलाम शेतातली कामे टाकून नदीकडे धावले. कोणाच्या डोक्यावर चुलीवरून उचललेले वाफाळते भांडे, कोणाच्या खांद्यावर डुकराचे पिलू, कोणाच्या पाठीला आणि कमरेला मुले. काठावर इतकी गर्दी झाली की, होड्या उलटण्याची वेळ आली. तेव्हा हॅरिएटने गाणे म्हणून लोकांना शांत केले. सातशेहून अधिक माणसे त्या दिवशी मुक्त झाली. अलीकडच्या संशोधनानुसार हा आकडा ७५६ आहे. त्यांतील सुमारे दीडशे पुरुष लगेच दुसऱ्या साउथ कॅरोलिना पलटणीत भरती झाले. उत्तरेच्या बाजूचा एकही माणूस दगावला नाही. या धावपळीत हॅरिएटचा पायघोळ झगा फाटला. पुढील मोहिमांसाठी तुमानीसारखा सुटसुटीत पोशाख पाठवावा, असे तिने नंतर बॉस्टनच्या स्नेह्यांना दुसऱ्याकडून पत्र लिहवून कळवले. जुलै १८६३ मध्ये बॉस्टनच्या एका पत्राने या मोहिमेतील तिचे नाव जाहीरपणे छापले. त्याच महिन्यात कर्नल माँटगोमेरीने नव्या सेनापतीला पत्र लिहून अत्यंत उपयुक्त टेहळणीदार म्हणून तिची शिफारस केली.

त्यानंतर काही दिवसांनी, १८ जुलै रोजी, चौपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने फोर्ट वॅग्नरवर हल्ला चढवला. त्यातील जखमी कृष्णवर्णीय शिपायांची शुश्रूषा ब्यूफर्टच्या रुग्णालयात झाली आणि त्या कामातही हॅरिएट होती. फेब्रुवारी १८६४ मध्ये दुसऱ्या साउथ कॅरोलिना पलटणीचे नाव बदलून चौतिसावी कृष्णवर्णीय पलटण असे झाले. युद्धाच्या अखेरच्या काळात हॅरिएटने व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो येथील रुग्णालयात काम केले.

युद्ध संपले, गुलामगिरी संपली आणि १८६५ च्या शरदात हॅरिएट रेल्वेने घरी निघाली. सैनिकांना मिळणाऱ्या सवलतीचा परवाना तिच्याजवळ होता. एका कृष्णवर्णीय स्त्रीकडे असा परवाना असू शकतो, हे तिकीट तपासनिसाला पटले नाही. त्याने आणि इतरांनी मिळून तिला ओढत नेऊन सामानाच्या डब्यात ढकलले. त्या झटापटीत तिच्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि पुढे बराच काळ तिला काम करता आले नाही. तीन वर्षे ज्या सैन्याची सेवा केली, त्याचा कागद हाती असूनही तिची ही अवस्था झाली. ज्यांच्याकडे तोही नव्हता, त्यांची कल्पनाच केलेली बरी.

ऑबर्नमध्ये तिचे छोटे घर होते. पुढे लिंकनचा परराष्ट्रमंत्री झालेल्या विल्यम सेवर्डकडून तिने ते १८५९ मध्ये हप्त्यांवर घेतले होते. घरात वृद्ध आईवडील आणि आश्रयाला आलेली माणसे. उत्पन्न बेभरवशाचे. तिने केलेल्या सेवेपोटी थकलेली रक्कम मिळावी, यासाठी ऑबर्नचा चार्ल्स वूड याने १८६८ मध्ये तिची कागदपत्रे एकत्र केली. सेनाधिकाऱ्यांची पत्रे, परवाने, शल्यचिकित्सकाचा दाखला, सेवर्डची शिफारस असा तो ऐवज होता. मागणी १,८०० डॉलरची होती. तिच्या मदतीसाठीच सारा ब्रॅडफर्ड या लेखिकेने १८६९ मध्ये तिचे पहिले चरित्र प्रसिद्ध केले. त्यातून सुमारे १,२०० डॉलर जमले आणि घरावरील कर्जाचा भार हलका झाला. सरकारकडून मात्र काहीच आले नाही.

या घटनाक्रमाशी पुण्याचाही एक धागा जुळतो. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी त्या लोकांचा कित्ता गिरवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, टेहळणीदार, परिचारिका आणि हेर म्हणून केलेल्या सेवेबद्दल हॅरिएटला २,००० डॉलर द्यावेत, असे विधेयक अमेरिकेच्या संसदेत आले. ते सिनेटमध्ये फेटाळले गेले.

दरम्यान १८ मार्च १८६९ रोजी हॅरिएटने नेल्सन डेव्हिस याच्याशी विवाह केला होता. पहिला पती जॉन टबमन याने तिच्या पलायनानंतर दुसरा संसार थाटला होता आणि १८६७ मध्ये त्याची हत्या झाली होती. डेव्हिस हा नॉर्थ कॅरोलिनातून पळालेला गुलाम. आठव्या कृष्णवर्णीय पलटणीच्या ‘जी’ तुकडीत तो सप्टेंबर १८६३ पासून नोव्हेंबर १८६५ पर्यंत शिपाई होता. त्याला क्षय जडला होता. १४ ऑक्टोबर १८८८ रोजी तो वारला. जून १८९० मध्ये नवा निवृत्तिवेतन कायदा झाला आणि शिपायाचा मृत्यू युद्धातील जखमेने झालेला नसला, तरी त्याच्या गरजू विधवेला आधार मिळण्याची सोय झाली. पुढच्याच महिन्यात हॅरिएटने अर्ज केला.

अडचण नावाची होती. डेव्हिस पलटणीत भरती झाला तो नेल्सन चार्ल्स या नावाने. चार्ल्स हे त्याच्या पूर्वीच्या मालकाचे आडनाव. गुलामगिरीतून सुटलेल्या असंख्य शिपायांची हीच कथा होती. अनेकांनी मुक्त झाल्यावर नवे आडनाव घेतले आणि निवृत्तिवेतनाच्या वेळी हजेरीपटावरचा माणूस आपणच, हे सिद्ध करण्याची वेळ त्यांच्यावर आली. जन्माचा दाखला नाही, गुलामीतील विवाहाची कायदेशीर नोंद नाही. मग शेजारी, नातेवाईक आणि पलटणीतील सोबती यांच्या साक्षी घेतल्या जात. हॅरिएटलाही चार्ल्स आणि डेव्हिस एकच असल्याचे, जॉन टबमन हयात नसल्याचे आणि दुसरा विवाह रीतसर झाल्याचे प्रतिज्ञापत्रांनिशी दाखवावे लागले.

त्या काळात असे लाखो दावे वॉशिंग्टनमध्ये येत होते. प्रत्येक दाव्यासाठी पलटणींचे जीर्ण हजेरीपट पुन्हा पुन्हा उलगडले जात आणि ते फाटू लागले होते. युद्ध खात्यातील फ्रेड एन्सवर्थ या अधिकाऱ्याने त्यावर उपाय काढला. एकेका शिपायाच्या प्रत्येक नोंदीचे स्वतंत्र कार्ड करायचे आणि त्या शिपायाची सारी कार्डे एका लिफाफ्यात ठेवायची. शेकडो कारकून हे काम करीत. त्यांतील बरेच जण बसत ते फोर्ड नाट्यगृहाच्या इमारतीत. याच नाट्यगृहात १४ एप्रिल १८६५ रोजी लिंकनवर गोळी झाडली गेली होती आणि नंतर सरकारने ही वास्तू दफ्तरासाठी घेतली होती. ९ जून १८९३ रोजी तळघरात खोदकाम सुरू असताना इमारतीचे मजले कोसळले आणि २२ कारकून मृत्युमुखी पडले. युद्धातील मृतांचा हिशेब लिहिणाऱ्यांचाच असा अंत झाला. हॅरिएटचा अर्ज तेव्हा निर्णयाविना पडून होता.

अखेर ऑक्टोबर १८९५ मध्ये तिला विधवा म्हणून महिना ८ डॉलर मंजूर झाले. मागील थकबाकीपोटी सुमारे ५०० डॉलर एकरकमी मिळाले. तिच्या स्वतःच्या सेवेचा प्रश्न तसाच होता. १८९८ च्या सुमारास तिने पुन्हा प्रतिज्ञापत्र दिले. तीन वर्षे रुग्णालयांत परिचारिका आणि स्वयंपाकीण म्हणून काम केल्याचे, तसेच आठ-नऊ टेहळणीदारांचे नेतृत्व केल्याचे तिने त्यात नमूद केले आणि १,८०० डॉलरचा तोच दावा मांडला. तिचे निवृत्तिवेतन २५ डॉलर करावे, असा प्रस्ताव संसदेपुढे आला. लष्करी परिचारिकांना १२ डॉलरच मिळतात, त्याहून अधिक कसे द्यायचे, असा पेच पडला. तडजोड म्हणून फेब्रुवारी १८९९ मध्ये विशेष कायदा करून विधवेचे ८ आणि परिचारिकेचे १२ मिळून २० डॉलर ठरवण्यात आले. टेहळणी आणि हेरगिरी यांना त्या बेरजेत स्थान नव्हते. कंबाहीच्या मोहिमेबद्दल सरकारने शून्य मोजले.

या पैशांतूनही तिने स्वतःसाठी फारसे ठेवले नाही. १८९६ मध्ये तिने घरालगतची २५ एकर जमीन लिलावात घेतली. वृद्ध आणि निराधार कृष्णवर्णीयांसाठी तेथे आश्रम व्हावा, ही तिची इच्छा होती. जमिनीचा बोजा झेपेना, तेव्हा १९०३ मध्ये तिने ती एका कृष्णवर्णीय चर्चच्या स्वाधीन केली आणि १९०८ मध्ये आश्रम सुरू झाला. पुढे ती स्वतः त्याच आश्रमात राहायला गेली. १० मार्च १९१३ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. ऑबर्नच्या फोर्ट हिल दफनभूमीत तिच्यावर लष्करी इतमामाच्या काही सोपस्कारांसह अंत्यसंस्कार झाले.

तिच्या पश्चात सन्मानांची रांग लागली. २००३ मध्ये अमेरिकी संसदेने तिच्या थकीत निवृत्तिवेतनापोटी ११,७५० डॉलर मंजूर केले. ही रक्कम तिच्या ऑबर्नच्या वास्तूच्या जतनासाठी देण्यात आली. २०२१ मध्ये लष्कराच्या गुप्तवार्ता दलाने तिला आपल्या मानवंतांच्या यादीत घेतले. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी मेरिलँड राज्याने तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा बहाल केला. ज्या राज्यातून ती इनामी फरारी म्हणून पळाली होती, त्याच राज्याने १७५ वर्षांनी तिच्या खांद्यावर तारा लावला.

मात्र तिच्या कामाची खरी भरपाई वेगळ्याच ठिकाणी झाली. इतिहासकार एड्डा फील्ड्स-ब्लॅक यांनी दुसऱ्या साउथ कॅरोलिना स्वयंसेवक पलटणीच्या शिपायांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली बारकाईने वाचल्या. त्यांच्या पणजोबांच्याही मागच्या पिढीतील हेक्टर फील्ड्स हे पूर्वज याच पलटणीतून कंबाहीच्या मोहिमेत होते. कोण कोणाचा भाऊ, कोणाचे लग्न कोणत्या मळ्यावर झाले, कोणता मुलगा पोर्ट रॉयलच्या तोफा धडाडल्या त्याआधी जन्मला, हे सारे अर्जदारांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी साक्षींत सांगितले होते. कारकुनांनी ते निव्वळ शहानिशेसाठी लिहून घेतले होते. फील्ड्स-ब्लॅक यांनी या साक्षी मळेवाल्यांच्या मृत्युपत्रांशी, खरेदीखतांशी आणि विवाहकरारांशी ताडून पाहिल्या. मालकांच्या कागदांत केवळ पहिल्या नावाने आणि किमतीने उरलेली माणसे त्यातून आडनावांसह, कुटुंबांसह उभी राहिली. २ जूनच्या पहाटे नदीकाठी धावत आलेल्या गर्दीला चेहरे मिळाले. ‘कंबी’ हा त्यांचा ग्रंथ २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये त्याला इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक विभागून मिळाले.

ज्या छाननीने हॅरिएटला वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवले, तिच्याच कागदांनी तिने मुक्त केलेल्या माणसांची नावे वाचवली. हे कागद आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. हॅरिएटची निवृत्तिवेतनाची फाइलही तेथेच आहे. विधवांच्या फायली शिपायाच्या नावाखाली लावण्याची पद्धत असल्याने ती शोधायची, तर नेल्सन डेव्हिस, ऊर्फ चार्ल्स, आठवी कृष्णवर्णीय पलटण, ‘जी’ तुकडी, असे सांगावे लागते.